गिटार एकट्यानं शिकताना: सुलटा क्रम आणि नेमक्या चुकण्याच्या जागा

घरच्या घरी गिटार शिकायला बसलेली माणसं बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातात. पहिल्या आठवड्यात पाच-सहा कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचे, आकार पाठ होतात. दुसऱ्या आठवड्यात आवडीचं गाणं लावून त्याच्यासोबत वाजवून बघितलं जातं. गाणं पुढे निघून जातं, बोटं मागे राहतात. मग नवं गाणं, नवा व्हिडिओ, आणि दोनेक महिन्यांत गिटार कपाटावर जाते. "माझी बोटंच जाड आहेत", "मला तालच नाही" अशी कारणं त्यानंतर ऐकायला मिळतात. मी बऱ्याच नवशिक्यांबरोबर बसलो आहे आणि खरोखर बोटांमुळे अडलेला माणूस मला क्वचितच दिसला. घोटाळा क्रमात असतो. कॉर्डचे आकार सगळ्यात आधी, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाणं जमेल तेव्हा, आणि लय धरणारा हात सगळ्यात शेवटी, असा उलटा क्रम धरला जातो. खाली तो सुलटा करून दिला आहे.

या लेखात डावा हात म्हणजे तारा दाबणारा आणि उजवा म्हणजे वाजवणारा. डावखुऱ्यांची गिटार घेतली असेल तर हात उलटे समजून वाचा.

## टप्पा १: गिटार वाजण्याजोगी आहे का, ते आधी तपासा

गिटार अवघड असली की नवशिका दोष स्वतःकडे घेतो. माझं तेच झालं. माझ्या पहिल्या गिटारवर तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या (नेकवरच्या) बोटं दाबायच्या पाटीपासून, इतक्या उंच होत्या की सी कॉर्ड धरल्यावर बोटांवर वळ उठायचे, तरी निम्म्या तारा मुक्याच राहायच्या. सहा महिने मी बोटांना बोल लावला. शेवटी जाणत्या माणसानं ब्रिजवरची (गिटारच्या पोटावर तारा बांधलेल्या असतात तिथली) सॅडलची पट्टी खालून थोडी घासून तारा खाली आणून दिल्या आणि त्याच संध्याकाळी तोच कॉर्ड स्वच्छ वाजला. बोटं कालचीच होती.

म्हणून मोजपट्टी घ्या. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, ते खुंट्यांच्या बाजूनं मोजायचे. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. यालाच ॲक्शन म्हणतात. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर जाड सहाव्या तारेखाली साधारण २.५ ते ३ मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर याहून सुमारे १ मिलिमीटर जास्त चालतं. अंतर ४-५ मिलिमीटरच्या घरात असेल तर शिकायला बसण्याआधी गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सेटअप करून घ्या. नेकमधला ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी सळई) स्वतः फिरवत बसू नका.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा दाबून वाजवा. एखाद्याच जागी करकर येत असेल तर तिथला फ्रेट वर आलेला असू शकतो. तारा काळवंडल्या किंवा खरखरीत लागत असतील तर बदला. अकूस्टिकसाठी १० किंवा ११ नंबरचा सेट सुरुवातीला बोटांना सोपा जातो. हा नंबर म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात.

सावध: क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. त्यांचा ताण बराच जास्त असतो. ब्रिज उखडू शकतो, नेक वाकू शकते.

बाकी सामान थोडंच लागतं: मोबाइलवर ट्यूनर (सूर दाखवणारा) आणि मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारा), ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं एक पिक (तारा छेडायची चपटी चकती) आणि हात नसलेली खुर्ची. कॅपो (नेकवर लावून सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) आत्ता नको, नवव्या टप्प्याला लागेल.

## टप्पा २: रोज, वाजवण्याआधी, गिटार सुरात लावा

"कालच लावली होती" हे कारण चालत नाही. बेसूर गिटारवर बरोबर धरलेला कॉर्डही चुकीचा ऐकू येतो. मग नवशिका बोटं हलवत बसतो आणि कानालाही वाईट वळण लागतं.

सगळ्यात जाड तार सहावी, सगळ्यात बारीक पहिली. सहावीपासून पहिलीपर्यंत सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई.

१. एकच तार छेडा. तिच्यावरून बोट फिरवत खुंटीपर्यंत जा आणि खात्री झाल्यावरच पिळा. शेजारची खुंटी पिळत बसणं ही फार नेहमीची चूक आहे.

२. सूर चढा असेल तर तार आधी हव्या सुराच्या खाली उतरवा आणि मग चढवत सुरावर आणा. वरून उतरवत थांबलात तर खुंटीच्या दात्यांतली ढिलाई तशीच राहते आणि तार पाच मिनिटांत उतरते.

३. सहाही तारा लावून झाल्या की परत पहिल्यापासून तपासा. एका तारेचा ताण बदलला की बाकीच्या किंचित हलतात.

सावध: ट्यूनरवर नुसतं अक्षर जुळलं म्हणून भागत नाही, सप्तकही जुळलं पाहिजे. ट्यूनर हर्ट्झ दाखवत असेल तर सहावी तार ८२.४, पाचवी ११० आणि पहिली ३२९.६ च्या आसपास हवी. तार हाताला विलक्षण ताठ लागतेय आणि तरी ट्यूनर "अजून वर" म्हणतोय, असं झालं तर थांबा. तुम्ही वरच्या सप्तकाकडे निघाला आहात आणि तार तुटणार आहे.

तपासा: सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की उघड्या पाचव्या तारेचा सूर मिळतो. पाचवीवरून चौथी, चौथीवरून तिसरी आणि दुसरीवरून पहिली तशीच. फक्त तिसरीवरून दुसरी तपासताना चौथा फ्रेट. ट्यूनरनं लावल्यावर रोज एकदा हे कानानं पडताळा.

नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात आणि सारख्या उतरतात. गिटार खराब आहे असं समजू नका.

## टप्पा ३: बसणं आणि हात ठेवणं

गिटारची पाठ पोटाला टेकलेली, दर्शनी बाजू सरळ समोर, नेक जमिनीला समांतर किंवा किंचित वर. उजव्या हाताची कोपरापुढची बाजू गिटारवर विसावलेली असावी, म्हणजे तिच्या भारानं गिटार जागेवर राहते. डावा हात काढून घेतला तरी नेक खाली पडता कामा नये. पडत असेल तर डावा हात नेक पेलायच्या कामाला लागलाय, आणि त्या हाताला दुसरं काम आहे.

बोटं दिसावीत म्हणून गिटार स्वतःकडे कलती करणं, ही जवळपास प्रत्येकाची पहिली चूक. त्यानं मनगट जास्त वाकतं आणि बोटं तारांवर आडवी पडतात. गिटार सरळच ठेवा, बघायचंच असेल तर मान थोडी पुढे घ्या.

डाव्या हाताचा अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर. तळवा नेकला चिकटवू नका.

सावध: बोटांची टोकं पहिले दोन-चार आठवडे दुखणारच, मग कातडी टणक होते. पाण्यानं भिजून मऊ पडलेल्या बोटांनी वाजवू नका. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपरापुढचा हात दुखला, बोटांना मुंग्या आल्या, तर मात्र त्या दिवशी थांबा आणि बसणं तपासा. ते दुखणं सरावानं जात नाही, वाढतं. टिकून राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ४: उजवा हात आधी, आणि पूर्ण एक आठवडा

हा टप्पा सगळे गाळतात, कारण यात गाणं नाही, सूरही नाही. पण पुढे "कॉर्ड येतात पण गाणं वाजत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा मी आधी उजवा हात पाहतो, आणि तो कॉर्ड बदलताना थांबत असतो. ऐकणाऱ्याला एखादा सूर चुकलेला चालतो. लय तुटली की गाणंच तुटतं.

डाव्या हाताची बोटं सहाही तारांवर नुसती टेकवा, दाबू नका. आता तारा छेडल्या की सूर न येता "चक्" असा कोरडा आवाज येईल. पिक अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये धरा, टोक चार-पाच मिलिमीटरच बाहेर. पकड एवढीच की पिक सुटणार नाही. घट्ट आवळलेलं पिक तारांत अडकतं.

मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे मिनिटाला ६० ठोके.

१. प्रत्येक ठोक्याला एक खाली. मोठ्यानं म्हणा: एक, दोन, तीन, चार. हात कोपरातून हलू द्या आणि मनगट सैल ठेवा, हाताला लागलेलं पाणी झटकताना असतं तसं. असं सलग दोन मिनिटं.

२. आता खाली-वर. आकड्याला खाली, "आणि"ला वर: एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. वर येताना सगळ्या तारा लागायची गरज नाही, बारीक दोन-तीन पुरेत.

३. आता खरा धडा. हात तसाच अखंड खाली-वर ठेवायचा, पण काही वेळा तारांना न लागता हवेतून जाऊ द्यायचा. पहिला साचा हा: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. मोजणीत सांगायचं तर एकला खाली, दोनला खाली, दोनच्या "आणि"ला वर, तीनला हवेतून, तीनच्या "आणि"ला वर, चारला खाली, चारच्या "आणि"ला वर. एकच्या "आणि"लाही हात वर येतो, पण हवेतून.

तीनचा तो रिकामा ठोका म्हणजे कसोटीची जागा. नवशिका तिथे हात थांबवतो, कारण वाजवायचं काही नसतं. थांबलेल्या हाताला परत सुटायची वेळ अंदाजानं गाठावी लागते आणि अंदाज चुकतो. झोपाळ्यासारखा हलता राहिलेला हात आपोआप वेळेवर पोचतो. मात्रा हातानं मोजायची आहे, डोक्यानं नाही, आणि त्यासाठी हात हलताच हवा.

तपासा: फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. मेट्रोनोमचा ठोका तुमच्या आवाजाखाली झाकला जातोय का? जात असेल तर तुम्ही लयीत आहात. दोन वेगळे "टक्-चक्" ऐकू येत असतील तर वेग ५० वर आणा.

## टप्पा ५: पहिले दोन कॉर्ड, दोनच

आधी आकृती वाचायला शिका. उभ्या रेघा म्हणजे तारा, डावीकडची सगळ्यात जाड म्हणजे सहावी. आडव्या रेघा म्हणजे फ्रेट. वर ठळक रेघ असेल तर तो नट, म्हणजे खुंट्यांजवळची खाचांची पट्टी. तारेवर फुली म्हणजे ती वाजवायची नाही, शून्य म्हणजे उघडी वाजवायची.

सावध: "वरची तार", "खालची तार" हे शब्द सोडून द्या. जी तार हाताच्या दृष्टीनं वर आहे ती सुरानं सगळ्यात खालची आहे, आणि निम्मे गोंधळ इथेच होतात. नेहमी नंबरानं बोला.

ई मायनर: मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. सहाही तारा वाजवा.

ए मायनर: मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. पाचव्या तारेपासून वाजवा.

"दुसऱ्या फ्रेटला" म्हणजे धातूच्या पट्टीवर नव्हे, तिच्या किंचित अलीकडे, नटच्या बाजूला. पट्टीच्या जितकं जवळ तितकं कमी दाबावं लागतं.

आता एक प्रयोग करा, यावर खूप काही अवलंबून आहे. एका बोटानं तिसरी तार दुसऱ्या फ्रेटजवळ नुसती स्पर्शा आणि दुसऱ्या हातानं छेडत राहा. आधी "ठप्" असा बंद आवाज येईल. दाब अगदी हळूहळू वाढवा. करकर सुरू होईल, आणि मग एका क्षणी सूर मोकळा होईल. तिथेच थांबा. तेवढाच दाब लागतो. आता नेहमी दाबता तितकं दाबून पाहा, फरक बोटाला कळेल. बहुतेक जण लागतो त्याच्या कितीतरी जास्त दाब देतात, म्हणून हात दहा मिनिटांत थकतो आणि बोटं पुढच्या कॉर्डकडे सुटत नाहीत.

कॉर्ड धरल्यावर तारा एकेक करून छेडा. एखादी मुकी असेल तर दाब वाढवण्याआधी ही तीन कारणं याच क्रमानं बघा:

१. शेजारचं बोट तिला टेकतंय का? टेकत असेल तर ते बोट टोकावर उभं करा. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर बोट उभं राहूच शकत नाही, ती आधी कापा.

२. बोट फ्रेटपासून लांब राहिलंय का? पुढे सरकवा.

३. तळव्याची किंवा तर्जनीच्या मुळाची कड पहिल्या तारेला लागतेय का? अंगठा थोडा खाली घ्या, मनगट किंचित पुढे काढा.

जाड बोटांची तक्रार जवळपास नेहमी पहिल्या कारणातच मिटते.

## टप्पा ६: कॉर्डमधला बदल हाच खरा धडा

कॉर्ड धरणं आणि कॉर्डवर जाणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं आलं म्हणून दुसरं येत नाही. दहा कॉर्ड माहीत असलेला आणि एकही बदल वेळेत न जमणारा माणूस एक ओळही वाजवू शकत नाही. दोन कॉर्ड आणि त्यांच्यातला एक बदल पक्का असलेला माणूस तालात वाजवू शकतो.

ई मायनरवरून ए मायनरवर जाताना बोटांकडे जवळून पाहा. मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटून, एकाच फ्रेटवर आहेत. ए मायनरमध्येही ती तशीच चिकटून, त्याच फ्रेटवर, फक्त एक तार जमिनीच्या दिशेनं सरकलेली. म्हणजे हा बदल तीन बोटांचा नाही: एक जोडी एकत्र सरकते आणि तर्जनी येऊन टेकते. नवशिका मात्र काय करतो? तिन्ही बोटं तारांपासून दोन इंच उचलतो, हात उघडतो, आकृती आठवतो आणि एकेक बोट शोधत ठेवतो. सगळा वेळ त्या दोन इंचांत जातो.

सराव असा करा:

१. उजवा हात बाजूला ठेवा. ई मायनर धरा. दाब काढा, पण बोटं तारांना टेकलेलीच ठेवा. परत दाबा. असं दहा वेळा. सोडणं म्हणजे उचलणं नव्हे, हे बोटांना कळलं पाहिजे.

२. जोडी उचला, तारांपासून जेमतेम काही मिलिमीटर, आणि पुढच्या तारांवर ठेवा. अगदी सावकाश. वाटेत बोटांची रचना मोडली तर परत पहिल्यापासून.

३. आता तर्जनीसह. तिन्ही बोटं एकाच वेळी टेकली पाहिजेत. एकामागोमाग टेकत असतील तर वेग आणखी कमी करा. हळू पण एकत्र टेकणं हे भरभर पण एकेक ठेवण्यापेक्षा पुढच्या पायरीवर आहे.

४. मग ६० सेकंदांचं घड्याळ लावा आणि किती बदल होतात ते मोजा. प्रत्येक कॉर्डवर एकदाच खाली छेडा. आकडा वहीत लिहा.

तपासा: मिनिटाला ३० बदल होईपर्यंत त्या जोडीचं गाणं घेऊ नका. या आकड्यामागे साधा हिशेब आहे. गाण्याचा वेग मिनिटाला ८० ठोके असेल आणि दर ४ ठोक्यांनी कॉर्ड बदलत असेल तर मिनिटाला २० बदल लागतात. ३० जमत असतील तर हाताला उसंत राहते. दर २ ठोक्यांनी बदल असेल तर लागतात ४०.

आकडा रोज वाढेलच असं नाही. चार दिवस १८ वर अडकून पाचव्या दिवशी एकदम २५ होतो. लिहून ठेवलं नाही तर ते चार दिवस वाया गेले असं वाटतं आणि माणूस सोडून देतो, म्हणून वही.

रोजची वाटणी मी अशी सुचवीन: २ मिनिटं सूर लावणं, ५ मिनिटं बंद तारांवर उजवा हात, १० मिनिटं बदल (दोन किंवा तीन जोड्या, प्रत्येकी एक-एक मिनिटाच्या फेऱ्या, मध्ये विश्रांती), आणि उरलेला वेळ मनाला वाटेल ते वाजवणं. शेवटचा भाग गाळू नका, गिटार परत हातात घ्यावीशी वाटते ती त्याच्यामुळे. रोजची २०-२५ मिनिटं सुट्टीच्या दिवशीच्या सलग तीन तासांहून जास्त कामाची, कारण बोटांची कातडी आणि स्नायूंची आठवण दोन्ही एका बैठकीत तयार होत नाहीत.

## टप्पा ७: पुढचे कॉर्ड कोणत्या क्रमानं

नवा कॉर्ड एकटा शिकायचा नाही, आधी येणाऱ्या एखाद्या कॉर्डशी जोडी लावूनच शिकायचा. माझा क्रम असा:

ई मेजर: ई मायनरमध्ये तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला वाढवा. आता ई मेजरवरून ए मायनरवर जाऊन पाहा, तीनही बोटांचा पूर्ण आकार जसाच्या तसा एक तार सरकतो.

सी: ए मायनर धरा. तर्जनी आणि मधलं बोट हलवूच नका. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला न्या. झाला सी. पाचव्या तारेपासून वाजवा. इथे नवशिके तिन्ही बोटं उचलतात. न हलणाऱ्या दोन बोटांवर मुद्दाम लक्ष ठेवा.

डी: तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. चौथ्या तारेपासून वाजवा. सहावी तार लागली तर डी घोगरा होतो.

जी: याच्या बोटांच्या दोन रचना शिका, कारण कोणती वापरायची ते पुढे कुठे जायचंय यावर ठरतं. जीवरून सीकडे जायचं असेल तर अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पाचव्यावर दुसऱ्या फ्रेटला, करंगळी पहिलीवर तिसऱ्या फ्रेटला. सीकडे जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीनं एक तार सरकतात, करंगळी सुटते आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर येते. डीकडे जायचं असेल तर मधलं बोट सहाव्यावर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्यावर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसरीवर आणि करंगळी पहिलीवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. डीकडे जाताना अनामिका जागची हलत नाही, बाकीची बोटं तिच्याभोवती फिरतात.

ए मेजर आणि डी मायनर हे या सगळ्यांनंतर घ्या. सात-आठ कॉर्ड आणि त्यांच्यातले पाच-सहा पक्के बदल एवढ्यावर खूप गाणी वाजतात.

## टप्पा ८: दोन्ही हात जोडा

मेट्रोनोम परत ६० वर. चार मात्रा ई मायनर, चार मात्रा ए मायनर, आणि उजव्या हाताला फक्त खालचे ठोके. नियम एकच: उजवा हात कशासाठीही थांबणार नाही. डावा हात वेळेत पोचला नाही तर उजव्यानं उघड्या तारा वाजवाव्यात, अर्धवट कॉर्ड वाजवावा, पण ठोका सोडू नये. सुरुवातीला कानाला खटकेल. खटकू द्या. डावा हात चालत्या लयीला गाठायला शिकतो. लय त्याच्यासाठी थांबायला लागली तर तो कधीच घाई करत नाही.

मग चौथ्या टप्प्यातला साचा आणा. इथे एक सोय आहे: चौथ्या मात्रेच्या "आणि"ला, शेवटच्या वरच्या ठोक्यावर, डावा हात तारा सोडून निघू शकतो. तेवढा एक ठोका उघड्या तारांवर पडतो. मुरलेले वादकही हे करतात, वेगात ते कानाला लागत नाही.

चुकलं की पहिल्यापासून सुरू करायची सवय मोडा. त्यानं पहिल्या दोन ओळी फार छान होतात आणि पुढचं सगळं कच्चं राहतं. जिथे अडलं ती मात्रा, तिच्या आधीची एक आणि नंतरची एक, एवढाच तुकडा दहा वेळा घ्या.

## टप्पा ९: पहिलं गाणं

सगळ्यात आवडतं गाणं पहिलं घेऊ नका. निवडताना तीन गोष्टी पाहा: तीन किंवा चारच कॉर्ड, बदल दर चार मात्रांनी, आणि शब्द पाठ असलेले. आधी गाण्याशिवाय पूर्ण वाजवा, मग गुणगुणत, मग शब्दांसह. गाताना उजवा हात शब्दांच्या मागे धावायला लागतो. तसं झालं तर परत फक्त खालचे ठोके धरा.

सूर गळ्याला खाली पडत असेल तर कॅपो. प्रत्येक फ्रेटला सूर अर्ध्या स्वरानं चढतो. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जीचा आकार धरला की ए वाजतो. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा आणि लावल्यावर सूर परत तपासा, तारा किंचित चढतात.

## टप्पा १०: एफ आणि बार कॉर्ड

इथपर्यंत आलेली माणसंही एफपाशी सोडतात. तोवर गाणी अडू नयेत म्हणून छोटा एफ वापरा: अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट तिसरीवर दुसऱ्या फ्रेटला, आणि तर्जनी पहिल्या फ्रेटला पहिली-दुसरी दोन्ही तारांवर आडवी. चौथीपासून वाजवा.

पूर्ण एफमध्ये तर्जनी पहिल्या फ्रेटला सहाही तारांवर आडवी असते (यालाच बार म्हणतात) आणि सगळे जण सहाही तारा सारख्याच जोरानं दाबायला जातात. आकार नीट पाहा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तारेवर दुसरी बोटं आहेतच: मधलं बोट तिसरीवर दुसऱ्या फ्रेटला, करंगळी चौथीवर आणि अनामिका पाचवीवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. तर्जनीला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली वाजवायची आहे. मधला भाग सैल राहिला तरी चालतो. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा, तिथली कड टणक असते आणि सांध्याच्या घडीत तार अडकत नाही. जोर अंगठ्यानं चिमटा काढून आणू नका. कोपर शरीराजवळ घ्या आणि हाताच्या भारानं नेक हलकेच मागे खेचा.

सुरुवात पहिल्या फ्रेटवर नको. नटजवळ तारा सगळ्यात ताठ लागतात आणि फ्रेटही रुंद असतात. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए मेजर होतो. तारा एकेक छेडून स्वच्छ झाला की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर. एकेका फ्रेटला आठवडा लागला तरी लागू द्या.

तपासा: तिसऱ्या आणि दुसऱ्या फ्रेटवर आकार नीट वाजतोय पण पहिल्यावर काही केल्या वाजत नाही, असं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि त्याच्या पुढच्या फ्रेटला तोच बार धरा. तो सहज वाजला तर नटच्या खाचा उंच आहेत. गिटार घेऊन दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि नट खाली करून घ्या.